माझं बारसं, चर्चच्या पार्किंगमध्ये

चाळिशी उलटलेल्या माणसाचं पुन्हा बारसं करायला जगात कुठेच परवानगी नसावी. अमेरिकेतल्या शार्लटमध्ये आहे. आत्या लागत नाही, पाळणा लागत नाही, घुगऱ्यांचं तर नावच नको. चर्चचं पार्किंग, जानेवारीतला पहाटेचा अंधार आणि धापा टाकणारे वीसेक बाप्ये, एवढ्यावर भागतं.

मला शेजाऱ्याने नेलं. ‘फुकट आहे’ हे ऐकून बायकोने माझ्या वतीने होकार दिला होता.

या प्रकाराचं मूळ इथलंच. 2011 साली डेव्हिड रेडिंग आणि टिम व्हिटमायर यांनी शार्लटमध्ये एफथ्री काढलं: फिटनेस, फेलोशिप, फेथ. फक्त पुरुष, एक पैसा न घेता, ऊन-पाऊस-थंडी काहीही असो, उघड्यावर. प्रशिक्षक नाही, आज हा तर उद्या तो पुढे उभा राहतो. शेवटी सगळ्यांनी गोल करायचा आणि मनातलं बोलायचं. आमचा गट वेगळा, पण त्याच धर्तीवरचा आणि जरा जास्तच देवाचा. बर्पी, म्हणजे जमिनीवर आडवं होऊन उठून उडी, मारतानाही कुणीतरी बायबलमधलं ‘लोखंडाने लोखंडाला धार येते’ ऐकवतो. मला धार आली नाही, कळ आली. उजव्या गुडघ्यात.

व्यायाम आणि देव ही जोडी मला नवी नाही. सांगलीच्या तालमीत कोनाड्यात मारुती होताच. आणि शाळेमागच्या मैदानावर ज्या व्हॉलीबॉलने माझा चष्मा फोडला, तो खेळही 1895 साली मॅसॅच्युसेट्समधल्या वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेतल्या विल्यम मॉर्गननेच काढलेला. म्हणजे ख्रिस्ती व्यायामवाले लहानपणापासूनच माझ्या मागावर आहेत.

तर बारसं. नवख्याने गोलात उभं राहून आपली माहिती सांगायची आणि बाकीच्यांनी त्याला टोपणनाव ठेवायचं. ते जन्माचं. कुरकुर केली की आणखी वाईट मिळतं. आमच्याकडे हे खातं एका दातांच्या डॉक्टरांकडे आहे. त्यांचं स्वतःचं नाव रूट कॅनॉल. कपाळाला दिवा बांधलेला, आणि समोरच्याशी बोलताना तो थेट त्याच्या डोळ्यांत. सवयीने मी ‘आ’ करणारच होतो.

“काम काय करतोस?”

“बँकेत आहे. सॉफ्टवेअर.”

“बरं. आणि हे डोक्यावर काय?”

डोक्यावर माकडटोपी होती. आईने विणलेली, तपकिरी, हनुवटीखाली बटण. त्यातून डोळे आणि नाकाचा शेंडा तेवढा दिसतो.

“टोपी. थंडी कानातून शिरते ना.”

“कशातून?”

“कानातून.”

ते सगळ्यांकडे वळले. दिवाही वळला. “कानातून शिरते म्हणतोय.” मग पुन्हा माझ्याकडे. “मी दातांचाच डॉक्टर आहे, पण कॉलेजात कानही थोडा शिकवला होता. तिथून थंडी आत जायला वाट नाही.”

“आमच्याकडे जाते.”

“म्हणजे बँकेत नोकरी,” ते सावकाश म्हणाले, “आणि तोंड झाकलेलं.” दिवा माझ्या टोपीपासून बुटांपर्यंत फिरला. “मित्रांनो, हा बँक रॉबर!”

जल्लोष झाला. मी म्हटलं, माझ्या नावाचंच काहीतरी छोटं करा की.

“पसंत नाही? दुसरंही सुचलंय,” असं म्हणून त्यांनी दिवा माझ्या पोटावर स्थिर केला. मी रॉबर पत्करलं.

मग कुणाला काही मागायचंय का, अशी विचारणा झाली. कुणाच्या वडिलांचं ऑपरेशन, कुणाचा मुलगा बोलत नाही. मी ग्रीन कार्ड म्हणालो. कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांहून जास्त नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग हलतच नाही, हे समजावून सांगितलं. रूट कॅनॉलनी माझ्या खांद्यावर घामेजला हात ठेवला आणि डोळे मिटले. “प्रभो, तू थडग्यावरची धोंड सरकवलीस. आमच्या रॉबरची तारीखही सरकव.” वीस जण आमेन म्हणाले. खोटं कशाला बोलू, घसा दाटून आला. माझा वकील तासाचे पैसे घेतो, पण इतक्या तळमळीने तो कधी कुणाकडे काही मागत नाही.

इथवर ठीक होतं. पण परवा आमच्या बँकेच्या लॉबीत गटातलाच एकजण कामानिमित्त आला होता. त्याने लांबूनच हाळी दिली, “अरे रॉबर! आज बुरखा कुठाय?” आणि येऊन कडकडून मिठी मारली. सुरक्षारक्षकाने मान वर केली. ओळखपत्र निरखून पाहिलं, पुन्हा पाहिलं. त्याचं नाही, माझं. त्याच्या मते हा नुसता विनोद होता, आणि त्याच्यापुरता तो होताही. त्याची नोकरी गेली तर तो दुसरी शोधेल. माझा व्हिसाच नोकरीवर टांगलेला; ती गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. बंधुभाव मान्य आहे, पण बंधूंचे पासपोर्ट वेगवेगळे आहेत. हे गोलात बोलून दाखवावं म्हटलं, तर ते त्यासाठीही प्रार्थना करतील.

शनिवारी पुढे उभं राहायची पाळी माझी आहे. पुढचा सांगेल ते निमूट करायचं, हा नियम. मी भारतीय, त्यामुळे सगळे योगाच्या अपेक्षेत आहेत; दोघांनी तर चटई आणू का म्हणून विचारलंय. मी उठाबशा घेणार आहे. शंभर. रूट कॅनॉल पुढच्या रांगेत, दिवा बंद करून. आणि सगळ्यांनी दोन्ही कान घट्ट धरून, म्हणजे थंडीही शिरायची नाही.