वजन बरोबर आहे म्हणून नाणं खोटं?

आज सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं आणि मोबाईलवर मेल येऊन पडला. "तक्रारीचा निर्णय खरेदीदाराच्या बाजूने झाला आहे, रक्कम आपल्या खात्यातून वळती करण्यात येईल." खाली माणसाचं नाव नाही, उलट उत्तर पाठवायची सोय नाही. मी जुनी नाणी विकतो, दुकानात आणि ऑनलाईन लिलावाच्या साईटवर, हा मेल त्या साईटचा. साईटचं नाव इथे लिहीत नाही, जे तिथे विकतात त्यांना कळेलच. डोकं शांत झाल्यावर लिहीन म्हटलं तर लिहिणं होणारच नाही, म्हणून आत्ताच लिहितोय, लांब झालं तर सांभाळून घ्या.

नाणं म्हणजे १८८२ ची रुपिया, पोर्तुगीज काळातला गोव्याचा चांदीचा रुपया. एका बाजूला पोर्तुगालचा राजा लुईस पहिला, दुसऱ्या बाजूला मुकुट आणि ढाल. आमच्या डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावच्या एका आजीने विकायला दिली होती, तिच्या सासूच्या पेटीत चोळीच्या कापडात गुंडाळून ठेवलेली. घरावरची कौलं बदलायची म्हणून काढली तिने. पैसे मी तिला आधीच देऊन टाकले, आमच्यात असंच चालतं, शब्दावर. आणि काय नाणं होतं ते! कडेने निळसर राखाडी झाक, राजाच्या गालावरून मानेकडे येईपर्यंत ती तपकिरी झालेली. टोनिंग म्हणतात याला, चांदी वर्षानुवर्षं कापडात गप पडून राहिली की मगच येतं ते, कुठल्या दुकानात विकत मिळत नाही. मुकुटाच्या वर काठाला बारीकशी खाच होती, ती सुद्धा मी फोटोत जवळून दाखवली होती, लपवून विकायचा धंदा आपण केला नाही.

घेणाऱ्याची तक्रार वाचा आता. "वजन ११.६६ ग्रॅम भरतं, हे ब्रिटिश रुपयाचं वजन आहे, म्हणजे ब्रिटिश रुपयावर ठोकलेलं बनावट नाणं आहे."

अरे बाबा, तेच तर त्याचं बरोबर वजन! १८७८ साली पोर्तुगाल आणि ब्रिटनचा करार झाला, जकात एक केली, चलन एका मापात आणलं, आणि त्या करारानंतर ही रुपिया ब्रिटिशांच्या कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडली गेली, गोव्याची स्वतःची टांकसाळ तोवर बंदच झाली होती. त्याच चांदीत, त्याच वजनात, मुद्दाम, म्हणजे इकडचा रुपया तिकडे आणि तिकडचा इकडे चालावा. वजन कमी भरलं असतं तर मीच संशय घेतला असता. हे सगळं मी सपोर्टला नीट लिहून पाठवलं, कराराचं साल, टांकसाळ, वजनकाट्यावरचा फोटो, सगळं. उत्तर काय तर "आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." अनुभव! तिथे बसलेल्या एकालाही ही रुपिया कशाशी खातात ते माहीत नाही, आणि निकाल मात्र त्यांनी द्यायचा.

आणि नाणं परत आलं ते कसं? घासून. माणसाने चिंच लावली की ब्रासो लावलं देवाला ठाऊक, ती निळी झाक गेली, तपकिरी गेली, राजाच्या केसांच्या बटा बोथट झाल्या, नव्या स्टीलच्या चमच्यासारखं लकाकतंय नुसतं. काठाची खाच मात्र तिथेच आहे, म्हणजे नाणं तेच. आता याला कोण घेणार? जाणकार माणूस घासलेलं नाणं हातात धरत नाही, आणि अजाण माणूस अर्ध्या किमतीत मागतो. पैसे त्याचे परत, कमिशनचा घोळ माझ्या गळ्यात, जातायेताचं पोस्ट माझ्या खिशातून.

हां, साईटमुळे लांबलांबचं गिऱ्हाईक मिळतं हे मान्य, डिचोलीत बसून मी कलकत्त्याच्या माणसाला नाणं कधी दाखवलं असतं.

पण किती किती सोसायचं? गोवा नावाचा रकानाच नाही तिथे. गोव्याच्या जुन्या कदंब राजांचं नाणं टाकलं तर "प्राचीन भारत", ठीक आहे. रुपिया टाकली, टांगा, बाजारूक ही पोर्तुगीज काळातली इथली नाणी टाकली की "विदेशी, पोर्तुगाल". १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा घेतला त्याच वर्षी त्याने इथे नाणी पाडायला लावली, त्यानंतर साडेचारशे वर्षं आपल्या पणज्यांनी याच पैशांत मीठ-तांदूळ घेतलं, आणि ही नाणी विदेशी? आजीच्या सासूने लिस्बन कधी पाहिलं होतं? कदंबांच्या सोन्याच्या नाण्यावर सप्तकोटीश्वराचं नाव असतं, त्याच सप्तकोटीश्वराचं देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये नार्वेत बांधून घेतलं, आणि त्याच नार्वेतल्या घरातून ही रुपिया निघाली. गावातलं पोर पण सांगेल ती कुणाची. पण साईटवर विदेशी. आणि लिस्बनहून कुणी चांगली बोली लावली की लगेच ती देशाची ठेव होते, कारण पुरातन वस्तूंच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरचं नाणं आपल्यासारख्याला बाहेर पाठवता येत नाही. कायदा मला पटतो, आपला ठेवा आपल्याकडेच राहावा, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग परदेशी माणसाला बोली लावायला देता कशाला? तो जिंकतो, मी नाही म्हणतो, तो मला एक स्टार देतो, माझं रेटिंग खाली. कायदा पाळल्याची शिक्षा.

शेवटच्या पाच सेकंदांत येऊन बोली मारणारे, आपल्याच दुसऱ्या अकाउंटवरून भाव चढवणारे, जिंकून पैसेच न भरणारे, त्यांच्याबद्दल लिहायला बसलो तर रात्र होईल. त्यात कुरियरवाले नाणं म्हटलं की हात वर करतात. आपली जुनी रजिस्टर पोस्टाची सोय होती, लाखेचं सील मारून पाकीट निर्धास्त टाकायचो, तीही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन केली. जीएसटीचं तर विचारूच नका. दुकानात बसून विकलं तर छोट्या माणसाला जीएसटी नंबर घ्यावा लागत नाही, साईटवरून राज्याबाहेर एक तांब्याचा टांगा पाठवायचा तरी नंबर पाहिजे. आपल्याच राज्यात विकणाऱ्याला २०२३ पासून सवलत दिली म्हणे. गोव्यातल्या गोव्यात विकायला मला साईट कशाला हवी? म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आहे की.

काल-परवा एक सत्तरीचा माणूस आला होता दुकानात, वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं घेऊन. कुणीतरी त्याला फोनवर सांगितलं की याचे लाखो मिळतात, आधी फी भरा. भरली त्याने. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्येच सांगून ठेवलंय की आमच्या नावाने असे पैसे मागणारे लबाड आहेत, पण ते त्याच्यापर्यंत कोण पोचवणार? मी त्याला चहा पाजला, नाण्याची किंमत पाच रुपये हे सांगताना माझीच जीभ रेटेना. त्याच्यावर राग नाही आला. राग येतो तो यासाठी की नाण्यातलं काही न कळणारा माणूस आज फोटो टाकून लाखाची किंमत लावू शकतो, आणि ज्याने आयुष्य भिंगाखाली घातलंय त्याचं म्हणणं ऐकायला कुणी नाही. लबाड डीलर आहेत, नाही म्हणत नाही, पोर्तुगीज नाण्यांच्या नकला मीही पकडल्यात. म्हणूनच तर नाणं हातात घ्यावं लागतं, तोलून, वाजवून, काठ बघून.

दुपारी नार्वेला जाऊन आलो. पैशाचं काही बोलायचं नव्हतं, ते तिचे तिला मिळालेत, पण न सांगता राहवेना. आजीने नाणं हातात घेतलं, उलटंपालटं केलं, खिडकीशी नेऊन बघितलं आणि म्हणाली, "पुता, आमी हें केन्नाच घांसूंक ना." आम्ही हे कधीच घासलं नाही, एवढंच. मला परत देताना पदराने पुसायला गेली आणि मध्येच थांबली. कौलं बसलीत, पाऊस आत येत नाही म्हणाली, पोहे खाऊन जा म्हणाली. मेल वाचून सकाळी जेवढा तापलो होतो तेवढा आता नाही, पण पोटात काहीतरी अडकून राहिलंय खरं.

तिच्याकडची तांब्याची नाणी अजून माझ्याकडे आहेत, पाव टांगा, अर्धा टांगा, त्याच काळातली, छान चॉकलेटी रंगाची. ती साईटवर टाकणार नाही. ज्यांना बघायचीत त्यांनी डिचोलीला दुकानावर या, भिंग आणि काटा दोन्ही आहे, घेतलंच पाहिजे असं नाही, काठाला धरून बघा म्हणजे झालं. संध्याकाळी सातपर्यंत असतो, रविवारी बंद.