भांडी बांधून निघालेली माणसं

पोलंडमधलं ऑशवित्झचं संग्रहालय, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात नाझी जर्मनांनी ज्यूंना नेऊन मारलं ती छावणी, पाहून आले आणि घरच्यांच्या ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. उत्तरादाखल एक फिरता मेसेज आला: "साठ लाख ज्यू मेंढरांसारखे निमूट मरायला गेले. लढले असते तर वाचले असते. आणि वेळेत देश सोडून का गेले नाहीत?" हा मजकूर पूर्वीही आला होता, तेव्हा सोडून दिला. आता सोडवत नाही.

'मरायला गेले' म्हणणाऱ्याने तिथल्या काचेमागची भांडी पाहावीत. इनॅमलची पातेली, किटल्या, वाडगे, टवके उडालेले, ढीगच्या ढीग. बॅगांवर पांढऱ्या रंगात मालकांची नावं. मरायला निघालेला माणूस पातेली बांधत नाही, बिऱ्हाड हलवणारा बांधतो. दुसरीकडे वसवतोय, कामाला नेतोय, असंच त्यांना सांगितलं होतं. 1944च्या मे ते जुलैमध्ये हंगेरीतून चार लाखांहून जास्त लोक असे नेले. बहुतेकांना उतरल्याउतरल्या अंघोळीचं सांगून विषारी वायूच्या खोलीत घातलं. ठरवायला वेळच कुठे होता?

आणि लढले नाहीत हे तर धडधडीत खोटं आहे. ऑशवित्झच्याच बिर्केनाऊ भागात प्रेतं जाळायला जुंपलेल्या ज्यू कैद्यांनी 7 ऑक्टोबर 1944ला बंड केलं, एका भट्टीघराला आग लावली. त्यासाठीची बारूद दारूगोळ्याच्या कारखान्यात राबणाऱ्या मुलींनी चिमूटचिमूट चोरली होती. सुमारे साडेचारशे कैदी मारले गेले. बारूद पोचवणाऱ्या रोझा रोबोटाला आणि आणखी तिघींना 6 जानेवारी 1945ला फाशी दिलं. छावणी सुटली 27 जानेवारीला. एकवीस दिवस. त्या भट्टीघराच्या उरलेल्या अवशेषांपाशी मी हीच वजाबाकी पुन्हापुन्हा करत होते.

वॉर्साच्या घेट्टोतली, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतली, काही शे पोरं पिस्तुलं आणि घरगुती बाँब घेऊन 19 एप्रिल 1943पासून जवळजवळ चार आठवडे झुंजली. मेंढरांची ती उपमाही जुनी, धर्मग्रंथातली. पण विल्ना (आजचं लिथुआनियातलं विल्नियस) घेट्टोत 1941 सरताना आबा कोव्हनेर या तरुण ज्यू कवीने ती वापरली ती तसं जाऊ नका, लढा, हे सांगायला.

लढून वाचले असते का? जर्मनांनी सोव्हिएत फौजेचे सुमारे 57 लाख सैनिक पकडले. तरणेताठे, लढाईचं शिक्षण घेतलेले. त्यांतले 30 लाखांहून अधिक कैदेत मेले, बरेचसे उपासमारीने. त्यांना कुणी मेंढरं म्हणत नाही. मग म्हाताऱ्यांना आणि कडेवर मूल घेतलेल्या बायांना हा प्रश्न विचारताना जीभ कशी रेटते?

राहिला देश सोडण्याचा मुद्दा. मे 1939मध्ये 'सेंट लुईस' जहाज 937 प्रवासी घेऊन हॅम्बुर्गहून निघालं, जवळजवळ सगळे ज्यू. क्युबाने फक्त 28 जणांना उतरू दिलं. अमेरिकेने दार उघडलं नाही, कॅनडानेही नाही. जहाज युरोपला परतलं. त्यांतले 254 जण पुढे या संहारात मेले. ते वेळेतच निघाले होते.