‘इजिप्तला चार दिवस पुरे’ म्हणणाऱ्यांना

सुट्ट्यांचे बेत सुरू झाले की नातेवाइकांच्या ग्रुपवर एक संदेश हमखास येऊन पडतो. शब्द इकडचे तिकडे होतात, पण मजकूर साधारण असा: “इजिप्तला चार दिवस पुरे. पिरॅमिड, म्युझियम आणि नाईलची क्रूझ झाली की संपलं. पिरॅमिड तरी काय, गुलामांकडून रचून घेतलेले दगड. बाकी नुसती वाळू. समुद्र आपल्या कोकणातही आहे. शाकाहारी असाल तर ठेपले बांधून न्या. आणि लुबाडणूक इतकी की एकदा गेलेला पुन्हा जात नाही.” शेवटी जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’. पोहोचलाय तो, म्हणूनच एकेक मुद्दा घेऊ.

पिरॅमिड झाले की संपलं. कुठले पिरॅमिड? गिझाचे तीन. इजिप्तमध्ये शंभराहून जास्त आहेत, आणि गिझाला जे दिसतं ते सुटलेलं गणित आहे. खाडाखोड बघायची तर थोडं दक्षिणेला जावं लागतं. सक्काराला जोसर राजाचा पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड आहे, इ.स.पू. 27व्या शतकातला. त्याचं श्रेय राजाचा मंत्री इम्होतेप याला देतात. पुढे दहशूरला स्नेफेरू राजाने बांधायला घेतलेल्या पिरॅमिडची चढण सुमारे 54 अंशांची होती. अर्ध्यावर आल्यावर ती 43 अंशांवर आणावी लागली, म्हणून तो आजही खांदे पाडल्यासारखा दिसतो. मग त्याच राजाने जवळच दुसरा बांधला, तो पायापासूनच 43 अंशांनी. हा लाल पिरॅमिड. गिझाचा मोठा पिरॅमिड बांधणारा खुफू हा या स्नेफेरूचाच मुलगा.

लाल पिरॅमिडच्या आत जाता येतं. आधी बाहेरून 28 मीटर चढायचं, मग कमरेत वाकून लाकडी पट्ट्यांच्या उतारावरून साठेक मीटर खाली. नाकात अमोनियाचा उग्र वास भरतो, मागच्या माणसाचा श्वास मानेवर येतो. खाली पाठ सरळ केली की डोक्यावर बारा मीटर उंचीचं छत: दगडाचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकलेला, वर जाऊन जेमतेम फट उरलेली. गुडघेदुखी असेल त्यांनी बाहेरच थांबावं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण चार दिवसांच्या सहलीत दहशूर बहुधा नसतंच.

म्युझियमचंही तेच. गिझाजवळचं ग्रँड इजिप्शियन म्युझियम नोव्हेंबर 2025 मध्ये पूर्णपणे खुलं झालं. तुतनखामून राजाच्या थडग्यातल्या पाच हजारांहून अधिक वस्तू पहिल्यांदाच तिथे एकत्र मांडल्या आहेत. दोन तासांत त्या ‘करणाऱ्यांना’ दंडवत.

गुलामांकडून रचून घेतले. हा मुद्दा सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट. गिझाला पिरॅमिडच्या पायथ्याजवळ कामगारांची दफनभूमी 1990 मध्ये सापडली. राजाच्या थडग्याच्या इतक्या जवळ, सोबत भाकरी-बिअरची भांडी ठेवून पुरलेली माणसं. मोडून पुन्हा नीट जुळलेली हाडंही त्यात आहेत, म्हणजे कुणीतरी उपचार केले होते. काम सक्तीचं असू शकेल, वेठबिगारीसारखी पाळी असेल, पण बाजारातून विकत आणून चाबकाखाली राबवलेल्या गुलामांचं चित्र या पुराव्यात बसत नाही.

त्याहून भक्कम पुरावा 2013 मध्ये मिळाला, आणि तो गिझाला नाही, तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला. फ्रेंच संशोधक पिएर ताले यांच्या पथकाला तिथल्या खडकात कोरलेल्या कोठारांपाशी पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाचे, तुकडे सापडले. लिखित पपायरसमधले हे आजवरचे सर्वांत जुने. त्यातली एक रोजनिशी आहे मेरेर नावाच्या मुकादमाची. त्याची तुकडी नाईलच्या पूर्व काठावरच्या तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरून गिझाला नेत असे. आज भरले, अमुक ठिकाणी मुक्काम, उद्या उतरवले: एवढंच, कोरडं, कामापुरतं. सोबतच्या कागदांत धान्य आणि भाकरीच्या शिध्याचे हिशेब आहेत. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं हजेरीपुस्तकच म्हणा ना.

आता गिझाच्या दगडांची नोंद समुद्रकाठी कशी गेली? कारण तीच माणसं पुढे त्या बंदरावर कामाला आली. समोर सिनाई, तिथे तांब्याच्या खाणी. दगड घडवायला तांब्याच्या छिन्न्या लागत, तांबं आणायला जहाजं लागत, आणि नाईलपासून बंदरापर्यंत मधे वाळवंट. पिरॅमिड, वाळवंट आणि किनारा असे तीन कप्पे आपण सहलीच्या सोयीसाठी पाडलेत. बांधणाऱ्यांना ते पाडून चाललं नसतं.

बाकी नुसती वाळू. कैरोच्या नैऋत्येला, फय्यूमच्या पलीकडे वादी अल-हितान आहे, देवमाशांचं खोरं. 2005 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी इथे टेथिस समुद्र होता. बॅसिलोसॉरस हा पंधरा-अठरा मीटर लांबीचा देवमासा त्यात पोहायचा, आणि त्याला चिमुकले मागचे पाय होते! जमिनीवरचे प्राणी पाण्यात जाऊन देवमासे कसे झाले, त्याचा पुरावा इथे वाळूत उघड्यावर, मणक्यामागे मणका ओळीने पडलेला दिसतो. शेजारी तिवरांच्या मुळांचे दगड झालेले तुकडे. गाडी लांब ठेवून पायवाटेनेच फिरावं लागतं.

फराफ्राजवळचं पांढरं वाळवंट म्हणजे वाऱ्याने कोरलेला खडू. सिवाच्या ओॲसिसमध्ये मीठ आणि चिखलाच्या विटांचं शाली नावाचं गाव आहे. 1926 मध्ये तीन दिवस पाऊस लागला आणि ते अक्षरशः विरघळलं. पश्चिम वाळवंटात काही भागांत परवानगी लागते आणि नियम बदलतात, तेव्हा तिथे स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नये.

समुद्र कोकणातही आहे. आहे ना, आणि तोच तर मुद्दा! इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिकाने व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या माहितीपुस्तकात तांबड्या समुद्राच्या बंदरांपासून भारतापर्यंतचा मार्ग दिलाय. त्यात सोपारा, कल्याण आणि चौल येतात, घाटावरचे पैठण आणि तेरही येतात. कल्याणला ग्रीक जहाज चुकून लागलं तर पहारा बसवून भडोचला नेतात, अशी तक्रारही आहे. दुसऱ्या टोकाला, इजिप्तच्या बेरेनिके बंदराच्या उत्खननात एका देवळात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. सागवानी लाकूड मिळालं. 2022 मध्ये तर इसिस या प्राचीन इजिप्शियन देवीच्या देवळापाशी बुद्धाची संगमरवरी मूर्ती सापडली.

बेरेनिकेला सहलीच्या बस जात नाहीत. पण लक्सरला हत्शेपसूत राणीच्या मंदिरात तर सगळेच जातात. तिथे दुसऱ्या मजल्यावर डावीकडच्या ओवरीत तांबड्या समुद्रापलीकडच्या पुंत या प्राचीन देशाच्या मोहिमेची भित्तिशिल्पं आहेत: मुळांसकट टोपल्यांत उचललेली धुपाची झाडं, भरलेली जहाजं, आणि जहाजांखाली पाण्यात मासे, कासव, शेवंड. इ.स.पू. 15व्या शतकातल्या कुणी कारागिराने समुद्री मासे इतके नीट कोरलेत की जाणकार जाती ओळखतात. वाटाडे घाईत असले की ही ओवरी सुटते. मागून घ्या. आणि तांबड्या समुद्रातली जिवंत प्रवाळं बघायची तर सिनाईच्या टोकाला रास मोहम्मद आहे, कोकणातल्या गढूळ पाण्याशी त्याची तुलना नको.

ठेपले न्या. न्या, पण उपासमारीच्या भीतीने नको. कुशारी हे तिथलं रस्त्यावरचं पोटभरीचं जेवण: भात, मसूर, मॅकरोनी, वर हरभरे, टोमॅटोचा रस्सा, लसूण-व्हिनेगरचं पाणी आणि कुरकुरीत तळलेला कांदा. वाढणारा पोरगा डाव भांड्यावर ठणठण आपटत चार डब्यांतून चार वेढे घेतो आणि वाडगा पुढे सरकवतो. नाश्त्याला फूल, म्हणजे शिजवलेले बाकळे (घेवड्यासारखं एक कडधान्य), आणि त्याच बाकळ्यांची वडी, तामिया. फक्त मुलुखिया मागवताना विचारा, ती हिरवी भाजी बऱ्याचदा कोंबडीच्या रश्श्यात शिजते.

लुबाडणूक. यात तथ्य आहे. गिझाला उंटवाला चढायचे पैसे सांगतो आणि उतरायचे वेगळे मागतो; थडग्यातला राखणदार न विचारता विजेरी मारून दाखवतो आणि हात पुढे करतो. भाव चढण्याआधी ठरवा, उतरण्यासकट, आणि सुट्टे पैसे वेगळ्या खिशात ठेवा. दहशूरला असला त्रास जवळपास नाही.

चारच दिवस हातात असतील तर क्रूझ गाळा. एक दिवस गिझा, एक म्युझियम, एक सक्कारा-दहशूर आणि एक वादी अल-हितान. लक्सर-अस्वान पुढच्या खेपेला, तेही ऑक्टोबर ते मार्चमध्ये. जुलैत तिथे पारा चाळिशीच्या वर असतो.