‘रोज 4 मिनिटं, चरबी गायब’: त्या फॉरवर्डचा हिशोब

सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून फिरून येतोय: “रोज फक्त 4 मिनिटं ताबाता करा. जपानी शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. चालण्याच्या 9 पट चरबी जळते, नंतर 48 तास जळतच राहते, आणि पोट सगळ्यात आधी उतरतं.”

ताबाता म्हणजे काही सेकंदांचा जोर आणि मधे थोडी विश्रांती, अशा फेऱ्यांचा व्यायाम. जपानपासून सुरुवात करू. इझुमी ताबाता यांचा 1996 चा अभ्यास खरा आहे. पण त्यात चरबी कमी होते का, हा प्रश्नच नव्हता. तपासला होता तो दम: शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ते. सायकल मारणारी मुलं तरुण आणि व्यायामात मुरलेली. 20 सेकंद जोर, 10 सेकंद विश्रांती, आणि जोर असा की सातव्या-आठव्या फेरीत पाय उचलेना. त्याआधी 10 मिनिटं वॉर्मअप. आठवड्यातल्या पाच दिवसांपैकी एक दिवस तर अर्धा तास साधीच सायकल. हॉलमध्ये मोबाइलचा टायमर लावून मारलेल्या उड्यांना ताबाता म्हणायचं, तर गल्लीतल्या टेनिस बॉलच्या मॅचला कसोटी म्हणायला हरकत नाही.

‘9 पट’ हा आकडा जपानचा नाहीच, तो कॅनडाचा. क्युबेकमधल्या लाव्हाल विद्यापीठात 1994 मध्ये ट्रेम्बले आणि सहकाऱ्यांनी दोन गट केले. एकाने 20 आठवडे संथ, सलग व्यायाम केला. दुसऱ्याने 15 आठवडे, मुख्यतः इंटरव्हल, म्हणजे मधे दम घेत जोराचा व्यायाम. चिमट्यात धरून मोजलेल्या कातडीखालच्या चरबीच्या जाडीची बेरीज पहिल्या गटात साधारण साडेचार मिलिमीटरने घटली, दुसऱ्यात चौदाने. म्हणजे तिप्पट. प्रत्येक गटाची घट त्याने खर्च केलेल्या कॅलरींनी भागली, तेव्हा फरक नऊ पट आला. फॉरवर्ड करताना भागाकार गळाला, नऊ उरले. वजन म्हणाल, तर दोन्ही गटांत जवळपास जागच्या जागी.

आता 48 तास. व्यायामानंतर काही काळ शरीर जास्त ऑक्सिजन खेचतं, हे खरंच. पण तो जादा खर्च साधारणपणे व्यायामातल्या खर्चाच्या 6 ते 15 टक्के भरतो. जीव तोडून मिनिटाला 15 कॅलरी धरा: 4 मिनिटांत 60, वर जास्तीत जास्त 9. एक तेल लावलेली पोळीसुद्धा फिटत नाही. आणि किलोभर चरबीत साधारण 7700 कॅलरी असतात. भागाकार तुम्हीच करा.

पोटाबद्दल फार लिहायला नको. चरबी कुठून आधी उतरणार, हे व्यायामाचा प्रकार ठरवत नाही.

मग हिट (HIIT), म्हणजे असा जोराचा इंटरव्हल व्यायाम, फुकट का? मुळीच नाही. जास्त वजनाच्या प्रौढांवरचे प्रयोग एकत्र करून 2017 मध्ये तुलना झाली, तेव्हा इंटरव्हल आणि सलग व्यायामाने चरबी जवळपास सारखीच उतरलेली दिसली. इंटरव्हलला वेळ मात्र सुमारे 40 टक्के कमी लागला. लोकल पकडून घरी आठला पोचणाऱ्याला ही बचत मोठी आहे. पण त्यासाठीही आठवड्यातून तीन वेळा वीस-पंचवीस मिनिटं काढावी लागतात, आणि ताटातली दुसरी वाटी भात मोजावी लागते. गुडघे कुरकुरत असतील तर उड्या सोडा, जिना किंवा चढ घ्या: एक मिनिट झपाझप वर, दोन मिनिटं सावकाश. छातीचा किंवा बीपीचा त्रास असेल, तर तेही डॉक्टरांना विचारूनच.