4के खेळायला सगळं मशीन बदलावं लागत नाही

‘पाच-सहा वर्षं जुन्या डेस्कटॉपवर 4के गेमिंग विसरा. प्रोसेसर नव्या ग्राफिक्स कार्डाला अडवेल, मदरबोर्डावरच्या जुन्या स्लॉटमुळे कार्डाची निम्मी ताकद वाया जाईल, पॉवर सप्लाय पुरणार नाही. सरळ नवं मशीन घ्या.’ असा मजकूर सध्या जो तो पुढे पाठवतोय. तो वाचून लोक धडधाकट मशीनं मोडीत काढतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आधी प्रोसेसर, कारण खरा घोळ तिथेच आहे. 1080पीला, म्हणजे फुल एचडीला, पडद्यावर सुमारे 20.7 लाख पिक्सेल (ठिपके) असतात, 4केला सुमारे 83 लाख. चौपट. हा वाढीव भार जवळजवळ सगळा ग्राफिक्स कार्डावर पडतो. शत्रू कुठून येणार, भिंत कशी कोसळणार, हा हिशेब प्रोसेसरचा. पडदा केवढाही असो, तो फारसा बदलत नाही. म्हणजे रिझोल्यूशन (पिक्सेलची संख्या) वाढवलं की प्रोसेसरची अडचण उलट कमी जाणवते.

पटत नसेल तर खर्चाआधी एवढं करून बघा. नेहमीचा गेम सगळ्यात कमी रिझोल्यूशनवर लावा, बाकी सेटिंग्ज तशाच ठेवा आणि गर्दीच्या जागी जाऊन उभे राहा. तिथे जेवढे एफपीएस (सेकंदाला उमटणारी चित्रं) दिसतील, निदान तेवढे तुमचा प्रोसेसर 4केलाही पुरवू शकतो. 80 दिसले तर 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र बदलणाऱ्या, मॉनिटरसाठी तो बदलायचा कशाला? 35 वर अडकले आणि कार्ड निम्मं रिकामं दिसत असेल, तर मात्र नव्या कार्डाने काही साधणार नाही. चार कोअर, चार थ्रेडवाल्या, म्हणजे एका वेळी चारच कामं हाताळणाऱ्या प्रोसेसरवर आजचे मोठे गेम अडखळतात, हे खरंच आहे. पण तेव्हाही सगळं मशीन कशाला टाकायचं? 2017 सालच्या एएमडीच्या एएम4 सॉकेटवाल्या कित्येक मदरबोर्डांवर 2022 मध्ये आलेला रायझन 7 5800एक्स3डी हा प्रोसेसर चालतो. फक्त जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस (मदरबोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा.

जुन्या स्लॉटमुळे निम्मी ताकद वाया जाते, हे साफ चूक. पीसीआय एक्सप्रेस 3.0 या जुन्या पिढीचा 16 लेनचा (डेटाच्या 16 वाटांचा) स्लॉट सेकंदाला जवळपास 16 जीबी वाहून नेतो. पुढच्या पिढीच्या 4.0चा वेग दुप्पट आहे, पण गेमला एवढी वाहतूक क्वचितच लागते. पूर्ण 16 लेनच्या, भरपूर मेमरीच्या कार्डाचं नुकसान बहुधा लक्षातही येत नाही. आरएक्स 6500 एक्सटीसारख्या, चारच लेन आणि 4 जीबी मेमरी असलेल्या कार्डाला जुना स्लॉट नक्की बाधतो. पण ते कार्ड 4केसाठी घ्यायचंच नसतं.

पॉवर सप्लायचा मुद्दा मला मान्य आहे. लेबलवर 12 व्होल्टपुढचे अँपिअर बघा, त्याला 12 ने गुणा. तेवढे वॅट खरे. कमी पडले तर तो बदला, तेवढाच.

त्या मजकुरात नसलेली एक गोष्ट मला भोवली. नवं कार्ड घातलं, तर डेस्कटॉपवर माऊसचा बाणसुद्धा फरफटत होता. मी प्रोसेसरलाच दोष देत बसलो. मॉनिटरला दोन एचडीएमआय पोर्ट होते आणि केबल जुन्या एचडीएमआय 1.4च्या पोर्टात होती; 4केला तो 30 हर्ट्झच्या वर जातच नाही. केबल डिस्प्लेपोर्टची (दुसऱ्या प्रकारच्या पोर्टाची) लावली, सेटिंगमध्ये 60 हर्ट्झ निवडलं, आणि त्याच जुन्या प्रोसेसरवर बाण सरसर फिरू लागला.