एक सेकंद

सकाळी चहा घेताना फॅमिली ग्रुप उघडला आणि डोकंच फिरलं.

मामाने बर्लिन मॅरेथॉनचा निकाल शोधून काढलाय. इनलाइन स्केटिंगचा, म्हणजे बुटाखाली एका ओळीत चाकं लावून पळायच्या शर्यतीचा. माझी आणि मैत्रिणीची ओळ, दोन्हींभोवती लाल गोल आणि खाली मजकूर : "हिच्यासाठी थांबलीस आणि ही बघ, एक सेकंद पुढे गेली! पुढच्या वेळी एकटी जा." त्यावर तीन मावश्यांचे अंगठे. एकीने तर "भोळी आहे गं आमची पोर" असंही लिहिलंय.

मी भोळी नाही. आणि तो एक सेकंद काय आहे ते मला आज सांगायचंच आहे.

आधी हे समजून घ्या की स्केट्सवर ४२ किलोमीटर कुणी एकट्याने जात नाही. ताशी पंचवीसच्या पुढे गेलं की समोरचा वारा भिंतीसारखा लागतो. म्हणून सगळे एकामागोमाग ओळ करतात. पुढचा वारा फोडतो, मागचे त्याच्या आडोशाला राहतात. मागच्याचा हात कित्येकदा पुढच्याच्या कमरेवर असतो, पाय एका लयीत, डावा-उजवा, डावा-उजवा. बेल्जियमचा बार्ट स्विंग्स बर्लिनला कितीतरी वेळा जिंकलाय, तासाभराच्या आत आलाय, आणि तोसुद्धा बहुतेकदा शेवटच्या टप्प्यापर्यंत घोळक्यातच असतो. २०२५च्या सप्टेंबरमध्ये आपल्या आनंदकुमार वेलकुमारने चीनमध्ये जागतिक स्पर्धेत ४२ किलोमीटरचं सुवर्ण जिंकलं. तोही घोळक्यातूनच. "एकटी जा" म्हणजे नेमकं कुठून जा, मामा?

आता माझं सांगते. पहिले २८ किलोमीटर वारा तिने खाल्ला. मी नाही. अठ्ठावीस!

दोन वर्षांपूर्वी बर्लिनमधल्या टेंपलहोफच्या जुन्या विमानतळावर मी पहिल्यांदा स्केट्स घातले तेव्हा कुंपणाला धरून उभी होते. २००८ साली तो विमानतळ बंद झाला, आता त्या धावपट्ट्यांवर लोक सायकली आणि स्केट्स चालवतात. दोन किलोमीटर सरळ, गुळगुळीत डांबर, आणि वारा असा की उलट्या दिशेने जाताना माणूस जागच्या जागी पाय मारतोय असं वाटावं. तिथे ती माझ्यापुढे राहायची आणि ओरडायची, "अगं खाली वाक, माझ्या पाठीकडे बघ, जमिनीकडे नको!" ऑफिस सुटल्यावर, रोज. कुणी पैसे देत नव्हतं तिला त्याचे.

शर्यतीतही तेच. ऊन चांगलंच होतं. स्ट्राउसबर्गर प्लाट्झ गेलं, हेर्मानप्लाट्झ गेलं, शोनेबर्गचं टाउन हॉल गेलं, मला फक्त तिची निळी जर्सी आणि त्यावर पसरत जाणारा घामाचा डाग दिसत होता. विल्डर एबरच्या चौकात, जिथे लोक ढोल-ताशासारखं काहीतरी बडवत असतात, तिथे एक माणूस डावीकडून आमच्या ओळीत घुसला. त्याचं चाक तिच्या चाकाला लागलं. ती पडली.

मी थांबले. यात ठरवण्यासारखं काय होतं? तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

हातमोजा फाटून तळवा सोलला होता, बारीक खडी आत रुतलेली. गुडघ्यातून रक्त. आणि डाव्या स्केटचा वरचा पट्टा तुटलेला, म्हणजे घोटा मोकळा. ती म्हणाली, "तू जा, तुझा वेळ चांगला चाललाय." मी तिच्यावर ओरडले, चक्क ओरडले. मग माझा रुमाल उभा फाडला, दोन पट्ट्या करून घोट्याभोवती आवळल्या आणि निघालो. या वेळी मी पुढे आणि तिचा सोललेला हात माझ्या कमरेवर.

तेव्हा कळलं वारा म्हणजे काय असतो. कुडामच्या रस्त्यापर्यंत माझ्या मांड्या पेटल्या होत्या. चौदा किलोमीटर मी केले तर ही अवस्था, तिने अठ्ठावीस केले होते आणि एकदाही "आता तू पुढे ये" म्हणाली नव्हती.

बरं, ज्यांना पदकासाठी जायचंय त्यांनी थांबू नये, मान्य. आणि मलाही दोन तासांच्या आत यायचं होतं, खोटं कशाला बोलू. दोन तास आठ मिनिटं लागली. चुटपुट आहे.

पण त्या एका सेकंदाचं ऐका. ब्रांडेनबुर्ग गेटखालून आम्ही हात धरून गेलो, शेवटची रेषा एकत्र ओलांडली. घोट्यावरची चिप मात्र सुरुवातीची रेषा ओलांडली तिथपासून वेळ मोजते. सुरुवातीच्या गर्दीत मागून मला कुणी धडकू नये म्हणून तिने मला पुढे घातलं आणि स्वतः माझ्या पाठीशी राहिली. ती एक सेकंद उशिरा निघाली, म्हणून निकालात एक सेकंद "पुढे". हा तुझा लाल गोल, मामा.

एवढं लिहून झाल्यावर राग थोडा उतरलाय. कारण लिहिता लिहिता कोरेगावचा रस्ता आठवला. मी सातवीत, माझी लाल सायकल, समोरून उन्हाळ्याचा वारा, आणि मी रडकुंडीला आलेली. तेव्हा तूच पुढे झाला होतास ना? "माझ्या चाकामागं चाक ठेव, वारा मी घेतो." घरी पोचेपर्यंत मी एकदाही मागे राहिले नाही, असं आजीला कौतुकाने सांगितलं होतंस. त्या दिवशी कोण किती सेकंद पुढे होतं, हे आपल्यापैकी कुणी मोजलं होतं का?

तो लाल गोल काढ ग्रुपवरून. तिची आईही माझ्या आईच्या ओळखीची आहे, तिच्यापर्यंत जायला नको.

तिच्या तळव्यावर अजून खपली धरलेली नाही, डाव्या हाताने जेवतेय. पट्टा मी नवीन मागवलाय, गुरुवारी येईल.