‘रिलीजच्या आधी नाव हाताने बदला’ हा सल्ला का मानू नये

मोबाइल डेव्हलपर मंडळींमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो. डेव्ह (डेव्हलपरसाठी), स्टेजिंग (चाचणीसाठी) आणि प्रॉडक्शन (ग्राहकांसाठी) बिल्डला, म्हणजे एकाच अ‍ॅपच्या तयार आवृत्त्यांना, वेगवेगळी नावं देणं ही नुसती हौस आहे. फारच वाटलं तर आयकॉनवर रिबन (रंगीत पट्टी) लावा. नाव बदलायचंच असेल तर रिलीजच्या आधी एक स्ट्रिंग (कोडमधला मजकुराचा तुकडा) हाताने बदला, किंवा टार्गेटची (अ‍ॅपलच्या एक्सकोडमध्ये काय बिल्ड करायचं ते सांगणाऱ्या भागाची) कॉपी काढा. बिल्ड कॉन्फिगरेशनमध्ये (बिल्ड कसं बनवायचं त्या सेटिंगच्या संचात) हात घातलात की भाषांतरं मोडतात, पुश नोटिफिकेशन बंद पडतात, आणि वर जे तपासलं ते स्टोअरवर जातच नाही.

नवीन टीम हा सल्ला प्रमाण मानून कामाला लागतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘ही हौस आहे, आयकॉन पुरे.’ अजिबात नाही. टेस्टरच्या फोनवर एकाच वेळी दोन-तीन बिल्ड असतात आणि त्यातलं एक खऱ्या सर्व्हरशी बोलत असतं. आयकॉनवरचा रिबन होम स्क्रीनवर दिसतो, पण कॅमेऱ्याची परवानगी मागणाऱ्या चौकटीत अ‍ॅप ओळखायचं ते नावावरूनच. अँड्रॉइडच्या स्टेटस बारमधला छोटा आयकॉन एकरंगी असतो, तिथे रिबन कुठून येणार? स्क्रीन रीडर वापरणाऱ्या टेस्टरला तर फक्त नाव ऐकू येतं. ‘पेमेंट अडकतंय’ असा बग आला की पहिला प्रश्न ‘कुठल्या बिल्डवर?’ हाच असतो, आणि त्याचं उत्तर स्क्रीनशॉटमध्येच मिळायला हवं.

मात्र नुसतं नाव बदलून भागत नाही, हे या सल्ल्याच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे दोघेही विसरतात. फोन अ‍ॅप ओळखतो ते अँड्रॉइडवर अ‍ॅप्लिकेशन आयडीवरून आणि आयओएसवर बंडल आयडेंटिफायरवरून. आयडी तोच ठेवून नाव बदललंत तर नवीन बिल्ड जुन्याच्या जागी बसतं. अँड्रॉइडवर बिल्डची डिजिटल सही वेगळी असेल तर इन्स्टॉलच नाकारलं जातं, मग जुनं अ‍ॅप काढा आणि त्यातला डेटा घालवा. म्हणून नाव आणि आयडी एकाच ठिकाणाहून, एकत्र बदलले पाहिजेत.

‘एक स्ट्रिंग तर आहे, हाताने बदला.’ ही एक ओळ नेमकी घाईच्या वेळी बदलायची असते, आणि विसरली तर ‘टेस्ट’ नावाचं अ‍ॅप लोकांच्या फोनवर जातं. ते परत बोलावता येत नाही. वाढीव व्हर्जन कोड (बिल्डचा क्रमांक) घेऊन नवीन बिल्ड काढायचं आणि पुन्हा स्टोअरच्या तपासणीतून जायचं. स्टोअरच्या पानावरचं नाव बरोबर दिसत असतं, म्हणून चूक उशिरा कळते. पानावरचं नाव स्टोअरच्या डेव्हलपर पोर्टलवर, म्हणजे प्ले कन्सोल किंवा अ‍ॅप स्टोअर कनेक्टमध्ये वेगळं भरलेलं असतं, त्याचा फोनवरच्या लेबलशी संबंध नाही.

त्यापेक्षा अँड्रॉइडचं बिल्ड बनवणाऱ्या ग्रेडलमध्ये डीबग बिल्ड टाइपला (डेव्हलपरच्या कामाच्या बिल्डला) आयडीचा सफिक्स, म्हणजे आयडीच्या शेवटी जोड, द्या, आणि ‘एसआरसी’मधल्या ‘डीबग’ फोल्डरमध्ये अ‍ॅपच्या नावाची एकच स्ट्रिंग असलेली फाइल ठेवा. सगळ्या बिल्डना सामाईक असलेल्या ‘मेन’ फोल्डरमध्ये कायम खरं नाव राहू द्या. बिल्ड टाइपमधलं रिसोर्स (स्ट्रिंग, चित्रं वगैरे) ‘मेन’मधल्याला झाकतं, त्यामुळे रिलीजच्या वेळी कुणाला काही आठवावं लागत नाही. ग्रेडलमध्येच स्ट्रिंग लिहायच्या ‘रेस-व्हॅल्यू’नेही हेच होतं, पण तीच स्ट्रिंग ‘मेन’मध्येही ठेवलीत तर डुप्लिकेट रिसोर्सची एरर येते. आणि हो, होम स्क्रीनवरून उघडणाऱ्या पहिल्या स्क्रीनला, म्हणजे लाँचर अ‍ॅक्टिव्हिटीला स्वतःचं लेबल दिलेलं असेल तर होम स्क्रीनवर तेच दिसतं. ‘नाव बदललं पण दिसत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी तिथे बघा.

‘टार्गेटची कॉपी काढा.’ आयओएसवर हा उपाय पहिले काही दिवस छान चालतो. मग प्रत्येक नव्या फाइलला दोन्ही टार्गेटमध्ये टिक करायचं राहून जातं, एका टार्गेटची सेटिंग दुसऱ्यापासून भरकटते, आणि स्टेजिंग वेगळंच अ‍ॅप होऊन बसतं. एकाच टार्गेटला अनेक कॉन्फिगरेशन आणि प्रत्येकीची स्कीम (कुठलं कॉन्फिगरेशन चालवायचं ते ठरवणारी नोंद) एवढं पुरतं. एक्सकोड १३ पासून नव्या प्रोजेक्टमध्ये डिस्प्ले नेम थेट बिल्ड सेटिंगमध्येच असतं आणि कॉन्फिगरेशनप्रमाणे वेगळं भरता येतं. जुन्या प्रोजेक्टमध्ये स्वतःचं एक सेटिंग तयार करून इन्फो-प्लिस्टमधून (अ‍ॅपची माहिती असलेल्या फाइलीतून) त्याचा उल्लेख करा.

इथे बरेच जण घाईत ‘प्रॉडक्ट नेम’ बदलतात. ते करू नका. स्विफ्ट मॉड्यूलचं (स्विफ्ट भाषेतल्या कोडच्या गठ्ठ्याचं) नाव त्यावरूनच ठरतं. ते कॉन्फिगरेशनप्रमाणे बदललं की टेस्टमधलं इम्पोर्ट तुटतं, जुन्या ऑब्जेक्टिव्ह-सी भाषेसाठी तयार होणाऱ्या हेडरचं नाव बदलतं आणि टेस्ट होस्टचा (टेस्ट ज्या अ‍ॅपमध्ये चालतात त्याचा) पाथ चुकतो. यात वैतागलेला माणूस ‘कॉन्फिगरेशनच्या भानगडीत पडू नका’ म्हणतो, ते समजण्यासारखं आहे. पण त्याने चुकीचं सेटिंग बदललेलं असतं.

‘भाषांतरं मोडतात.’ मोडत नाहीत, झाकायची राहून जातात. समजा अँड्रॉइडवर ‘मेन’मध्ये अ‍ॅपचं नाव इंग्रजीत आणि मराठीत, अशा दोन फाइलींत आहे. डीबगमध्ये तुम्ही फक्त मूळ ‘व्हॅल्यूज’ फोल्डरमधली स्ट्रिंग झाकलीत. रिसोर्स मर्ज होतात ते भाषेप्रमाणे वेगवेगळे, त्यामुळे ‘मेन’मधली मराठी स्ट्रिंग तशीच राहते. इंग्रजी फोनवर ‘डेव्ह’ दिसतं, मराठी फोनवर मात्र प्रॉडक्शनचंच नाव! आयओएसवर हेच काम ‘इन्फोप्लिस्ट-स्ट्रिंग्ज’ करते. त्या फाइलीत डिस्प्ले नेमचं भाषांतर असेल तर बिल्ड सेटिंगमधल्या नावावर ते मात करतं. नावाचं भाषांतर खरोखर हवं आहे का, हे आधी ठरवा. नको असेल तर ती स्ट्रिंग भाषांतराबाहेर ठेवा, हवं असेल तर प्रत्येक भाषेत झाका.

‘पुश बंद पडतात.’ हे अर्धं खरं आहे. आयडी बदलला की बाहेरच्या सेवांना ते नवीन अ‍ॅप वाटतं. पुश पाठवणाऱ्या फायरबेस सेवेच्या फाइलीत नव्या आयडीची नोंद नसेल तर अँड्रॉइडचं बिल्डच थांबतं. अ‍ॅपलकडे नव्या बंडल आयडीला स्वतःचं प्रोव्हिजनिंग प्रोफाइल (फोनवर चालवायची परवानगी देणारी फाइल) लागतं आणि पुशचा टॉपिकही (पुश कुठल्या अ‍ॅपसाठी, ते सांगणारं नाव) बदलतो. अँड्रॉइडवर फाइल प्रोव्हायडरची (इतर अ‍ॅपना फाइली देणाऱ्या भागाची) अथॉरिटी, म्हणजे त्याचं एकमेव नाव, पक्की लिहून ठेवली असेल तर दुसरं बिल्ड इन्स्टॉलच होत नाही, तिथे अ‍ॅप्लिकेशन आयडीचा प्लेसहोल्डर वापरा. हे काम खरं आहे, पण एकदाच करायचं आहे. शिवाय त्यानंतर स्टेजिंगवरून पाठवलेलं चाचणीचं नोटिफिकेशन खऱ्या ग्राहकाच्या फोनवर वाजत नाही.

एकाच कोडमधून दोन्हीकडची अ‍ॅप बनवणाऱ्या साधनांपैकी फ्लटरमध्ये फ्लेवर आणि डॉटनेट माउईमध्ये प्रोजेक्ट फाइलीतली अट हेच काम करतात. रिअ‍ॅक्ट नेटिव्हखाली अँड्रॉइड-आयओएसचे मूळ (नेटिव्ह) प्रोजेक्टच असल्यामुळे वरचं सगळं तसंच लागू होतं.

‘जे तपासलं ते जात नाही.’ हा आक्षेप गंभीर आहे. डीबग आणि रिलीज मुळातच सारखे नसतात, ऑप्टिमायझेशन आणि कोड आकसणं रिलीजमध्येच होतं. तेव्हा शेवटची चाचणी खऱ्या नावाच्या, खऱ्या आयडीच्या बिल्डवरच, गूगल प्लेच्या इंटर्नल टेस्टिंग ट्रॅक किंवा अ‍ॅपलच्या टेस्टफ्लाइटवरून व्हायला हवी. आणि तिथेच हाताने नाव बदलण्याची पद्धत सर्वात कच्ची ठरते. तपासून झाल्यावर नाव बदललंत तर ते नवीन बिल्ड झालं, आणि ते कुणीच तपासलेलं नाही. आयडी वेगळा असण्याचा आणखी एक आधार आहे. रिलीज सही केलेलं स्टेजिंग बिल्ड चुकून प्रॉडक्शनच्या अ‍ॅपमध्ये अपलोड करायला गेलात, तर पॅकेजचं नाव जुळत नाही म्हणून प्ले कन्सोल ते दारातच अडवतं.